फीवाल्या काकी

तुळशीत ते झाड बघितलं आणि माझ्या हातातला तांब्या खालीच पडला. तुळशीच्या कुंडीतच, एका बाजूला, जाड जाड पानांचं एवढंसं रोप, बुडाला लाल दोरा बांधलेला. आमच्या नेटहाऊसमधलं, मी कामाला जायचे त्या जाळीच्या शेडमधलं. परदेशातनं आलेलं. सरकारची परवानगी येईस्तोवर ज्याचं पानसुद्धा दाराबाहेर काढायचं नाय, काढलं तर सगळा माल उपटून जाळतात आणि लायसन पण जातं, असं तपासणीचे सरकारी साहेब दर वेळी बजावून जायचे ते झाड. आणि साहेब आजच येणार होते तपासणीला, आत्ता, थोड्या वेळात, आणि मी शिरवणे गावात आमच्या रूमवर गॅलरीत ओल्या केसांनी उभी.

माझी पोरगी चिमी, तेव्हा तीनची पण नव्हती, ती सासूबाईंच्या मागं लपली. मी तिला धरायला गेले तर सासूबाई मधी.

"तिला कशाला ओरडतेस? तुझ्या काकींनीच दिलंय तिला. लेकीला रिकाम्या हाती धाडायची नाय म्हणाल्या आणि फ्रॉकात घातलं. मला वाटलं परदेशातली तुळस असेल, म्हणून लावली इथं."

परदेशातली तुळस. कारण बघा, काम काकींचं, रूम पण काकींची. एवढी लहान पोर घेऊन कामावर ये म्हणणारी पूर्ण नवी मुंबईत मला दुसरी कोण भेटली नव्हती, मी किती सोसायट्या फिरलेली. आमच्या ह्यांचा टेम्पो, भाडं मिळालं तर मिळालं. हे काम गेलं की आमी चौघं सामानासकट रस्त्यावर, एवढा साधा हिशोब, मी आठवीच शिकलेय पण तेवढं कळतं मला.

मी झाड उपटलं, चिमीच्या डब्यात घातलं, तिला कडेवर घेतलं आणि धावत सुटले. नेटहाऊस जुईनगरच्या बाजूला, चालत जायचं अंतर, पण त्या दिवशी ते कुठं पनवेलला नेऊन ठेवल्यागत लांब वाटलं.

आता काकी म्हंजे कोण ते सांगितलं पायजे, नायतर मी एवढी का घाबरले ते तुमाला कळायचं नाय.

काकी इथल्याच. आगरी. आधी त्यांची भाताची शेती होती, ती शहरात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला. सगळ्यांनी प्लॉटवर बिल्डिंगी चढवल्या. काकींनी एक चाळ बांधली भाड्याला आणि उरलेल्या जागेवर हिरवी जाळी टाकून थायलंडवरनं ऑर्किड मागवायला लागल्या, लग्नाच्या डेकोरेशनवाल्यांना विकायला. पोरगा म्हणायचा आई टॉवर बांधू. काकी म्हणायच्या, "टावरला फूल येतं काय?" विषय बंद. वय साठीच्या पुढं, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, गळाभर सोनं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि त्या अवतारात सरकारी ऑफिसात फी भरायला जायच्या.

फी. तोच त्यांचा नाद. लोकांना देवळाचा असतो, तंबाखूचा असतो, ह्यांना सरकारी फीचा. परदेशातनं झाड आलं की सरकार ते तपासतं, कीड हाय का रोग हाय बघतं, त्याची फी. पेट्यांना विषारी धूर द्यायचा, त्याची फी वेगळी. मग झाडं महिनोन्महिने कोंडून ठेवायची, साहेब येऊन बघणार, त्याची पण फी. बाकीचे आयातवाले रडत भरायचे. काकी पेढे वाटायच्या. म्हणायच्या, "फी घेतली म्हंजे सरकारनी झाड ओलखलं. तवर ते परकाच."

एकदा माल कमी होता म्हणून फी कमी निघाली, तर काकी खिडकीशी भांडायला लागल्या. "एवरीच? मागल्या टायमाला जास्त घेतली व्हती. आता काय अर्धवट तपासनार?" आतला माणूस म्हणाला, मावशी, झाडं कमी तर फी कमी. काकी म्हणाल्या, "कमी झारांना रोग कमी व्हतो काय?" बरोबर आलेला वाशीचा एजंट डोकं धरून बाकड्यावर बसला. मागं लाईनीत उभे लोक हसत होते, आणि काकी त्यांना पण म्हणाल्या, हसताव काय, तुमचीपन नीट तपासून घ्या.

मग ते सगळं ऑनलाईन झालं. काकींना ते पटलंच नाय. पैसे कुणाच्या हातात दिले नाय तर फी कसली. मग मला शेजारी बसवायच्या, फोनला आधी हळदकुंकू, मग मी बटण दाबायचं, मग हिरवी बरोबरची खूण आली की फोन कपाळाला. त्या कुंकवानं माझ्या फोनचा स्पीकर बसला तो बसलाच. आजपण कुणी फोन केला की पाण्यातनं बोलल्यागत आवाज येतो.

धुराचं तर विचारूच नका. त्यांच्या डोक्यात धुरी म्हंजे बाळंतिणीची धुरी. ओवा, लसणाच्या साली, बाळाला शेक देतात तसली. "एवरा लांबचा परवास करून आलीत, अंग दुखत असनार," म्हणायच्या. एकदा गोदामात ताडपत्री घालून धूर देणार होते, काकी शेगडी घेऊनच हजर, पदरात ओव्याची पुडी. मास्क घातलेला माणूस हातवारे करत धावत आला. मावशी, मागं व्हा, विषारी गॅस आहे, माणूस मरतो. काकींनी त्याला खालनं वर बघितलं. "मंग फी कशाची घेता, मारायची?" त्यानं बराच वेळ समजावलं, कीड मरते, झाड नाय मरत. शेवटी काकी निघाल्या, पण जाता जाता तिथं ती खोपडीची पाटी लावलेली, धोका म्हणून, तिला हळदकुंकू लावून आल्या. म्हणे राखण करते ना बिचारी.

आणि हे सगळं झाडांपुरतं असतं तर ठीक. माणसांना पण तेच. त्यांच्या चाळीत नवीन भाडोत्री आला की आधी ओट्यावर बसवायच्या. गाद्या उन्हात, ट्रंका उघड्या, ढेकूण हाय का झुरळ हाय बघायच्या. साहेबांकडं भिंग असतं ते बघून त्यांनी पण वाशीवरनं एक आणलेलं. मी चिमीला घेऊन पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या डोक्यात भिंग घालून उवा बघितल्या, भर गल्लीत. मला रडू आलं. म्हणाल्या, "रडतंस काय, पास झालीस." आणि तपासणी फी एक नारळ. तो त्यांनी तिथंच फोडला आणि खोबरं चिमीला दिलं. पोरगी तेव्हाच त्यांच्यावर फिदा.

त्यांचा भाचा दुबईवरनं आला तर त्याला अंगणात खुर्चीवर बसवून ठेवलेला, बॅग वाळत, बूट वाळत. त्याची बायको तणतणत होती, विमानतळावर चेक केलंय आमाला. काकी आतनं म्हणाल्या, "त्यांनी सोनं बघितलं. मी किरा बघतंय."

तर अशा काकी. नवीन झाडं आली की त्या नेटहाऊसला बाळंतिणीची खोली म्हणायच्या. दोन दारं, मधी लाल औषधाचं पाणी पाय बुडवायला, आतमधी मी, पाणी मारायला आणि पानं पुसायला. चिमी बाहेरच्या दाराशी गोणपाटावर खेळायची. आणि झाडं आल्याच्या पाचव्या दिवशी काकी पाचवी पुजायच्या, खरंच, बाळाची पुजतात तशी, पाटा मांडून, फुलं, तांदूळ, नैवेद्य. सटवाई येते, नशीब लिहिते, झाडांचं पण लिहिते म्हणायच्या. आणि पाचवीला घरात लेक पायजे म्हणून चिमीला पाय धुवून आत घेतलेलं, स्वतःच. तेव्हाच ते झालेलं. सवयीच्या बाईनं सवयीनं पोरीच्या फ्रॉकात तांदूळ घातले, खोबरं घातलं आणि हाताला लागलं ते रोप घातलं. सासूबाई दाराशी चिमीला न्यायला आलेल्या आणि मी तेव्हा मागं नळ लावत होते. मला कायच माहीत नाय.

मी पोचले तेव्हा साहेब आलेले. बारीकसे, चष्मेवाले, कायम तोंडात लवंग. चांगले माणूस, पण कामाच्या वेळी हसायचे नाय. ते आतनं बाहेर येत होते आणि काकी त्यांच्या मागं, चेहरा असा, मी तसा कधी बघितला नव्हता. एका ट्रेमधी खड्डा दिसलेला. रोप नाय.

काकी मला बघून बोलल्या ते मला नाय, सगळ्या दुनियेला बोलल्या. "कोनी नेलं? सांगून ठेवतंय साहेब तुमच्यासमोर, ज्यानी झार भायेर नेलं त्याचा पाय पुन्हा या दारात नाय. कोनपन असूंदे."

माझ्या काखेत चिमी, हातात डबा. आता काय बोलायचं? तुमीच नेलं म्हणायचं? साहेबांसमोर? लायसन गेलं तर काकी बसल्या, आणि काकी बसल्या तर मी कुठं? आणि पोरीनं नेलं म्हणायचं तर माझाच पाय दारात नाय. मी डबा फक्त पुढं केला.

साहेबांनी झाकण काढलं. चिमटा काढला, भिंग काढलं, रोप उचललं आणि त्यांचा चेहराच बदलला. पानावर लाल डाग. एक नाय, दोन-तीन. त्यांनी परत भिंग लावलं. खालची बाजू बघितली, वरची बघितली. मग हळूच म्हणाले, "हे आधी नव्हतं. मागच्या तपासणीत असं काही नव्हतं."

मी मेलेच. मला वाटलं रोग. परदेशी रोग माझ्या सासूच्या तुळशीत, माझ्या घरात, माझ्या पोरीच्या अंगावर. मी चिमीचे हात फ्रॉकला पुसायला लागले. साहेबांनी सुईनं डाग खरवडला, बोटावर घेतला, चोळला. बोट लाल. नाकाशी नेलं. आणि मग त्यांनी मान वर करून काकींच्या कपाळाकडं बघितलं.

"मावशी," म्हणाले, "हे कुंकू आहे."

काकी पुढं आल्या. पानावर त्यांच्या बोटाचा ठसा, लाल दोऱ्याला त्यांचीच गाठ. बघत राहिल्या. गळ्यातलं सोनं पण हलायचं थांबलं. मला वाटलं आता चिमीवर घालतील, माझ्यावर घालतील, मालक माणसं तसंच करतात. तर त्या म्हणाल्या, "साहेब, चोर गावला. मीच."

साहेबांनी लवंग चावली, झाड कुठं होतं ते मला विचारलं, मी तुळशीचं सांगितलं. मग म्हणाले, कीड नाही, रोग नाही, झाड गेलं ते जवळच्या वस्तीतच, कुठल्या शेतात नाय, आणि तुमी आपणहून सांगितलं, म्हणून माल जाळायला नाय लावत. पण हे एक रोप नष्ट होणार, ज्या कुंडीत होतं तिची माती औषधानं भिजवणार, आणि सगळा माल परत कोंडून, परत तपासणी, परत फी. सासूबाई अजून बोलतात, माझ्या तुळशीला औषध पाजलं म्हणून. तुळस आधीपेक्षा जोरात वाढली, तरी बोलतात.

फी म्हटल्यावर काकींच्या तोंडावर जरा रंग आला. विचारलं, "झारांची झाली. माजी किती?"

साहेब म्हणाले माणसाला फी नसते.

"मंग मला पास कसं करनार?"

साहेब बूट घालून गेले.

काकींनी मग स्वतःच स्वतःला शिक्षा केली. बोललेल्या ना, पाय दारात नाय म्हणून. जाळीच्या बाहेर प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, वर छत्री बांधली, आणि नेटहाऊसची किल्ली माझ्या कमरेला अडकवली. म्हणाल्या, "साहेब पास करीपर्यंत मी भायेर. आता नीट आयक. मी मागितली तरी किल्ली द्यायची नाय. मी सांगितलं तरी दार उघरायचं नाय. उघरलंस तर तुजं काम बी गेलं नि रूम बी." चिमीची शपथ घालायला निघालेल्या, मी म्हटलं काकी तेवढं नको.

ते दिवस म्हंजे, काय सांगू. मालकीण बाहेर उन्हात आणि मी आत सावलीत. जाळीतनं हुकूम. पानी जास्त झालं, तिकडचा ट्रे उचल, अगं तो नाय तो, तुजे डोले कुठं हायत. येणारे जाणारे विचारायचे, काकी, तुमाला कामावरनं काढलं काय? काकी माझ्याकडं बोट करायच्या. "हिला इचारा. आता हीच मालकीन." मला तिथं जमिनीत जावंसं वाटायचं. त्यांचा पोरगा एकदा मोटारसायकलवर आला, बघितलं, आणि माझ्याकडं असं बघून गेला की मला रात्रभर वाटत राहिलं आता हाच काढणार मला. चिमीला मात्र मजा. ती काकींच्या मांडीवर बसून खोबरं खायची आणि ती पण ओरडायची, आई, तो ट्रे नाय.

आणि एका सकाळी आत गेले तर कोपऱ्यातल्या झाडाला फूल.

ते झाड काकींनी मुद्दाम मागवलेलं. दर मालात एक मागवायच्या, दर वेळी फुलायच्या आधीच मरायचं. नुसता फोटो बघितलेला त्यांनी. आणि ते फुललं, जवळजवळ काळं, काठ जांभळा, मधी पिवळा ठिपका, आणि वास, वेलची उकळल्यासारखा. मला राहवलं नाय. मी आतनं ओरडले, काकी, तुमचं काळं फुललं.

माझीच जीभ.

खुर्ची पडल्याचा आवाज आला. काकी जाळीला येऊन चिकटल्या. पण ते झाड पार आत, मधी बाकीच्या रांगा, बाहेरनं दिसतच नाय. मी म्हटलं थांबा काकी, व्हिडिओ करते. फोन जाळीला लावला. त्यांनी बघितलं पण नाय नीट. "फोनाला वास येतो काय?"

कुंडी जाळीजवळ आणू म्हटलं, तर साहेबांनी जागेवरनं हलवायला बंदी केलेली, त्या खड्ड्याच्या भानगडीनंतर. काकी दाराशी आल्या. बाहेरच्या दाराच्या गजाला धरून उभ्या. मी आत, मधी कुलूप.

"उघर."

"काकी, तुमीच सांगितलंय नाय उघडायचं."

"आता मीच सांगतंय उघर. एकदा वास घेतंय आणि येतंय भायेर. कोनाला कललं?"

"तुमी म्हणालात काम जाईल. रूम जाईल."

"मालकीन कोन हाय?"

"तुमी."

"मंग?"

किल्ली माझ्या हातात होती. मला कळेना ही खरी काकी कुठली. बाहेर बसवून घेणारी की आत सोड म्हणणारी? परीक्षा घेते की खरंच मागते? डोळ्यांत बघितलं तर त्यात पाणी. आता ते उन्हाचं पण असेल. त्या कधी कुणाकडं काय मागायच्या नाय, फी सोडून.

"नाय काकी," मी म्हटलं. "नाय उघडत."

त्यांनी मला आगरीत जे काय म्हणायचं ते म्हटलं, ते इथं सांगण्यासारखं नाय. मग खुर्ची उचलली, जाळीकडं पाठ करून बसल्या. त्या दिवशी एकपण हुकूम नाय. दुसऱ्या दिवशी पण नाय. मी आत चुकीचे ट्रे उचलून बघितले, तरी नाय.

साहेब येईस्तोवर फूल गळून गेलं. साहेबांनी बघितलं, सगळं साफ, पास. काकी पहिल्या आत गेल्या, लाल पाण्यात पाय बुडवून, सरळ त्या कोपऱ्यात. खाली शेवाळावर ते फूल पडलेलं, चिमून काळी चिंधी झालेलं. उचललं, नाकाला लावलं, बराच वेळ लावलं. मग ठेवून दिलं आणि मला म्हणाल्या, ट्रे कोनी उलटे ठेवलेत?

काम राहिलं. रूम राहिली. नंतर ह्यांना घणसोलीला पक्की नोकरी लागली तेव्हा आमीच सोडली, आणि काकींनी निघताना आमच्या गाद्या परत तपासल्या, जाताना पण तपासतात म्हणे. माझं नाव निघालं की त्या अजून सगळ्यांना सांगतात, "हिनी मला माज्या दारात उभी केलेली." सांगताना हसतात, सगळं सोनं वाजतं. पण हे कौतुक हाय की राग हाय, मला अजून ओळखता आलेलं नाय. विचारायची हिंमत पण नाय.

आणि ते काळं झाड त्यानंतर परत फुललं नाय. मी फोन करून विचारत असते, काकी, आलं काय? नाय, म्हणतात, बाकी बोल.

त्यांचं झाड, त्यांचे पैसे, त्यांची जागा, आणि शब्द पण त्यांचाच. माझी पोर कडेवर आणि किल्ली हातात. तुमी असता तिथं, तर उघडलं असतं दार?